बाळ्याला, बोगद्याच्या पलीकडून

ब्रायसन सिटी, नॉर्थ कॅरोलायना
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

प्रिय बाळ्या,

मी उत्तर देत नाही म्हणून तू वहिनींकडे माझा जो उद्धार केलास, तो हिच्या कानावर आला आणि हिनं तो मीठमसाला लावून मला ऐकवला. शिव्या पोचल्या. फोन करणार होतो, पण हे फोनवर जमायचं नाही. तू मध्येच ‘बरं बरं’ म्हणतोस आणि माझं बोलणं विझतं. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. गोळ्या चालू.

चिमीनं आम्हाला पानगळीचे रंग बघायला म्हणून स्मोकी डोंगरात आणलंय. राष्ट्रीय उद्यान आहे, १९३४ सालचं. जावईबापूंनी सहलीचं वेळापत्रक एक्सेलमध्ये केलंय, सूर्यास्तालासुद्धा एक रकाना आहे. उद्यानात शिरायला पैसे नाहीत, पण गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लावली की दिवसाचे पाच डॉलर. अस्वल दिसलं तर पन्नास यार्ड लांब राहायचं. हे अस्वलाला कोण सांगणार, असं मी विचारलं तर कुणी हसलं नाही. तू हवा होतास.

पहिल्या दिवशी कुवोही नावाच्या शिखरावर गेलो. ६,६४३ फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार-बाराशे फूट, आणि शेवटच्या अर्ध्या मैलाला डांबरी वाट, लेका! शिड्या नाहीत, साखळ्या नाहीत, बाबागाड्या ढकलत माणसं वर निघालेली. चढ मात्र असा की ही वाटेतल्या प्रत्येक बाकाशी ओळख करून घेत होती. वर पानं केव्हाच झडून गेलेली, आणि फरची झाडं वाळून पांढरी पडून उभी. युरोपातून आलेल्या एका बारीक किड्यानं मारलीत म्हणे. खरे रंग खाली, मधल्या उंचीवर होते. जावईबापूंनी समजावून सांगितलं की पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा सरला की तो दिसायला लागतो. लाल मात्र झाड शेवटी शेवटी नव्यानं तयार करतं. मी म्हटलं, म्हणजे रिटायर झाल्यावर सुचलेली हौस. यावर मात्र जावई हसले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

काल गावाबाहेरच्या एका रस्त्यानं गेलो. छान रुंद रस्ता, तळ्याच्या बाजूनं डोंगरात शिरतो. उद्यानाची हद्द लागायच्या आधी कुणीतरी बोर्ड लावलाय: कुठेही न जाणाऱ्या रस्त्यावर स्वागत, मोडलेलं वचन, १९४३ ते प्रश्नचिन्ह. मला वाटलं गंमत असेल. सहा-सात मैलांवर रस्ता एका बोगद्यात शिरतो. बोगदा बाराशे फुटांचा, आत मिट्ट काळोख, भिंतींवर पोरांनी रंगवलेली नावं आणि बदाम. गाड्या अलीकडेच लावायच्या आणि बॅटरी घेऊन चालत जायचं. पलीकडच्या तोंडाशी बाहेर आलो तर रस्ता संपलेला! तिथून पुढं नुसती पायवाट, आणि तिच्यावर पानांचा खच.

एक म्हातारा काठी टेकत आमच्या पुढं चालला होता. मी नुसतं ‘रस्ता असा मध्येच का थांबला’ म्हणून विचारलं, आणि त्यानं कोयनेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. म्हणजे नाव फोंटानाचं, पण ऐकताना माझ्या कानात तुझ्या अण्णांचाच आवाज. दुसरं महायुद्ध चालू, ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज पाहिजे, म्हणून १९४२ला धरणाचं काम काढलं आणि १९४४ला पाणी अडवलं. ४८० फूट उंच, आपल्या कोयनेहूनही उंच. हजारावर कुटुंबं उठवली. जुना रस्ता पाण्याखाली गेला, आणि तळ्याच्या उत्तरेची सगळी जमीन उद्यानात गेली. तिथं त्यांची स्मशानं आहेत, दोन डझनांहून जास्त. सरकारनं करार केला की युद्ध संपलं की नवा रस्ता बांधून देऊ, तुम्ही आपल्या माणसांच्या कबरींवर जाऊ शकाल. थोडा बांधला, बोगदा खोदला आणि थांबले. खडक फोडला की त्यातून आम्लाचं पाणी ओढ्यात उतरतं, खर्च वाढतो, अशी कारणं. आता उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी उद्यानवाले बोटीतून नातेवाइकांना पलीकडे सोडतात. माणसं जातात, गवत काढतात, फुलं ठेवतात, डबे खातात आणि संध्याकाळच्या बोटीनं परत.

बोटीनं, बाळ्या. मला पुढं त्याचं नीट ऐकूच येईना.

बामणोलीहून कोयनेच्या पाण्यातून वासोट्याला निघालो होतो तेव्हा नावाड्यानं अण्णांच्या सांगण्यावरून मधोमध इंजिन बंद केलं होतं. अण्णा म्हणाले, इथं खाली आपली पडवी. आणि नारळ सोडला. आणि मी, शहाणा, म्हणालो होतो की अण्णा, खालचे लोक नारळ फोडणार कशावर? अण्णा हसले. तू नागेश्वरापर्यंत माझ्याशी बोलला नाहीस आणि गुहेत पाण्याची बाटलीसुद्धा माझ्याकडे न देता दाद्याकडे दिलीस. मी अजून म्हणतो की ते अण्णांना लागलं नव्हतं, तुलाच लागलं होतं. आणि परतताना रोख रकमेवरून जे भांडण झालं त्यात माझंच बरोबर होतं. अण्णांचं वय झालेलं, पर्यायी जमिनीच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर. रोख मिळत असतील तर घ्या आणि मोकळे व्हा, एवढंच मी म्हणालो. तू म्हणालास, ‘तुझं काय बुडालंय?’ खरंय, काही बुडालं नव्हतं. पण म्हणून हिशोब चुकत नाही.

इथंही तोच हिशोब झाला. म्हातारा म्हणाला, काउंटीनं २०१०मध्ये रस्त्याचा नाद सोडून पाच कोटी वीस लाख डॉलर घ्यायचं कबूल केलं. तेसुद्धा हप्त्यांनी, मध्ये कोर्टकचेरी, आणि शेवटचे पैसे २०१८मध्ये. गावात निम्मे म्हणतात शाळांना उपयोग झाला, निम्मे त्या निम्म्यांशी धड बोलत नाहीत. मी विचारलं, तुमचं काय मत? तर म्हणाला, पैसे घेतले ते बरोबरच केलं, पण मला कुणी विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो. दोन्ही एका दमात! तुझ्या घराण्यातला शोभला असता.

पायवाटेवर पुढं एक दगडी धुराडं उभं आहे. घर गेलं, भिंती गेल्या, नुसतं धुराडं. मी वाकून आत बघितलं. शेगडीचा दगड आगीनं अजून काळा, त्यावर शेवाळ, आणि कोपऱ्यात वाऱ्यानं ढकललेली मेपलची पानं नीट रचल्यासारखी. चिमी फोटो काढत होती. ‘बाबा, जरा बाजूला सरका, फ्रेममध्ये येताय.’ सरकलो.

तर आमचं मेढ्याचं घर.

गिऱ्हाईक आहे, हे तुला माहीत आहेच, तूच त्याला चहा पाजलास. भाव वाईट नाही. चिमी म्हणते विकून टाका. ती परत येणार नाही, आणि हे तिनं मला न दुखावता सांगितलं, म्हणजे ठरलेलंच असणार. कौलं गळतात, मागची भिंत पावसाळ्यात पोट काढते, माडीवर आता घुशींचं राज्य. तू माझ्या जागी असतास तर मी तुला काय सांगितलं असतं? घे पैसे आणि मोकळा हो. तेच स्वतःला सांगत बसलोय आणि सही होत नाही. रात्री उठून हिशोब मांडतो, मुदत ठेवीचं व्याजसुद्धा काढून झालं. हिशोब दर वेळी बरोबर येतो.

बरं, माझ्यावर धरण नाही, नोटीस नाही, कुणी उठ म्हणत नाही. तुमच्या घराला निदान भांडायला समोर कोणीतरी होतं. मी कुणाशी भांडू? घुशींशी? हिला विचारलं तर म्हणते तुम्हाला जे वाटेल ते, आणि त्या स्वरात ‘जे वाटेल ते’ला काही अर्थ नसतो हे आपण दोघं जाणतो. आणखी एक. चिमीला त्या म्हाताऱ्याची गोष्ट फार आवडली. गाडीत बसल्यावर तिनं ती जावयांना पुन्हा सांगितली, अगदी मन लावून. मला वाटलं, आता ही मागं वळून मला काहीतरी विचारेल. तिनं विचारलं, रात्री पिझ्झा चालेल का.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर हे मोठ्यानं वाचायला दाद्याला देऊ नकोस. सुनबाई बाळंतपणाला माहेरी गेली का? पुनर्वसनाच्या त्या फायलीचं पुढं काय झालं, ती अजून तशीच असेल तर कळवू नकोस, मला झोप लागत नाही. वहिनींना नमस्कार. तुझ्या आंब्याला यंदा मोहर आला की कळव, कलम मीच दिलं होतं, ते तू सोयीस्कर विसरतोस.

एक काम कर. गिऱ्हाइकाला सांग मी आल्याशिवाय काही ठरणार नाही, पण नाही म्हणू नकोस. किल्ली तुझ्याकडे आहेच. एकदा जाऊन मागची भिंत किती फुगलीय ते बघ आणि गवंड्याला दाखव. दुरुस्तीचा आकडा काय सांगतो ते मला कळव, फक्त मला. आणि खरंखरं सांग, तुझ्या मनात काय आहे म्हणून आकडा कमी-जास्त करू नकोस. तू करशील, मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतोय.

तुझा,
नाना