रंग कोणी लावला?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बॅटमनच्या गोष्टीतला खलनायक जोकर पडद्यावर साकारणाऱ्या नटांची क्रमवारी लावणारा लेख वाचला. पहिला हीथ लेजर, दुसरा वाकीन फिनिक्स, तिसरा जॅक निकल्सन आणि पार तळाला सीझर रोमेरो. क्रमवारीशी माझं भांडण नाही, ज्याला जो आवडला तो त्याचा. पण लेखकाने जाता जाता लिहून टाकलंय की पांढरा रंग काय कोणीही फासेल, खरा कस पुढे नटाचा लागतो. गडकरी रंगायतनच्या रंगपटात बसून मी 39 वर्षं लोकांना तोच पांढरा रंग फासला. त्यामुळे ते वाक्य चहाबरोबर खाली उतरेना, म्हणून हे पत्र.

आमच्या धंद्यातला माणूस जोकर बघतो तो कानापासून. रंग मानेवर कुठे संपतो, हनुवटीखाली किती गेलाय, कानामागे आहे की नाही, यावरून कळतं की तो दुसऱ्याने लावलाय की ज्याचा त्याने. स्वतः लावणारा कानामागे हमखास विसरतो, कारण आरशात तेवढंच दिसत नाही. सिनेमातला रंग अर्थात आमच्यासारखाच कोणी लावतो. पण कथेतल्या त्या पात्राच्या तोंडाला रंग कोणी लावला, याचं उत्तर प्रत्येक जोकरचं वेगळं आहे. तुलना करायची तर तिथून सुरू करावी असं माझं मत.

निकल्सनचं बघा. 1989 चा टिम बर्टनचा सिनेमा आम्ही व्हीसीआर भाड्याने आणून चरईतल्या आमच्या चाळीत पाहिला. त्यात हा गुंड रसायनाच्या हौदात पडतो आणि त्याची कातडीच पांढरी होते. म्हणजे तो रंग नव्हेच! उलट चारचौघांत जायचं झालं की हा बाबा वरून माणसाच्या रंगाचा मेकअप थापतो. संग्रहालयात ती छायाचित्रकार बाई त्याच्या तोंडावर पाणी मारते आणि खालून पांढरा निघतो. मी जन्मभर ह्याच्या बरोब्बर उलट केलं. ज्याला हे सुचलं त्याला माझा दंडवत. निकल्सन खेळतोही तसाच. चेहरा लपवायचा प्रश्नच मिटलाय, आता तो मिरवायचा. आमच्याकडे अशा नटाला टाळ्या घेणारा म्हणतात, आणि टाळ्या घेणं हा काही गुन्हा नाही.

रोमेरोला तळाला टाकलंय ते मात्र मला पटलं नाही. 1966 च्या त्या अमेरिकन टीव्ही मालिकेसाठी त्याने मिशी काढायला साफ नकार दिला आणि रंगभूषाकाराला मिशीवरूनच पांढरा चढवावा लागला. जवळून घेतलेल्या दृश्यांत ती मिशी स्पष्ट दिसते. लोक हसतात. मला त्या रंगभूषाकाराची दया येते, कारण हा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं बालनाट्य, विदूषकाचं काम करणारा पोरगा मिशी काढायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी त्याला मुलगी बघायला जायचं होतं. मी ओला साबण घासून मिशी बसवली, वर सफेता चढवला. दुसऱ्या अंकात घामाने साबण सुटला आणि मिशी साळिंदरासारखी उभी राहिली. पोरं खुर्च्यांवर चढून हसली. रोमेरोचा जोकर त्याच जातीचा आहे. आपण मुलांच्या खेळात आहोत हे त्याला ठाऊक आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातल्या चिंची चेटकिणीला कोणी विचारतं का, की बाई तुझं बालपण कसं गेलं? दिलीप प्रभावळकरांची चिंची वेगळी, वैभव मांगले यांची वेगळी, आणि दोघांच्याही वेळी पोरं घाबरत घाबरत खिदळली. त्यांचे नंबर लावायला कोणी बसलं नाही.

आता लेजर. 2008 चा तो सिनेमा मुलाने मला जबरदस्तीने नेऊन दाखवला. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, की एवढा पैसा ओतला आणि मेकअप असला गचाळ? मग ट्यूब पेटली. हा रंग त्या माणसाने स्वतः, बोटांनी, कदाचित आरसाही न बघता लावलाय, आणि लावल्यापासून पुसलेला नाही. पोलीस कोठडीत दिवे लागतात तेव्हा त्याचं कपाळ नीट बघा. आठ्यांच्या भेगांत रंग नाही, उंचवट्यावर आहे. हे आपोआप होत नाही. नटाला कपाळ आक्रसायला लावायचं, तसंच धरून रंग द्यायचा आणि मग सोडायला सांगायचं. जॉन कॅग्लिओनी यांनी तसं केलं आणि त्या कामासाठी कॉनर ओ'सलिव्हनसोबत त्यांना ऑस्करचं नामांकनही होतं. लेजर सारखी जीभ फिरवतो ना ओठांवरून? लोक त्याला अभिनय म्हणतात. मला पाहताक्षणी वाटलं, ह्याच्या ओठाकडचा खोट्या जखमेचा तुकडा सुटतोय! असेल नसेल. पण अडचणीची अशी लकब करून टाकणारा नट रंगपटात भेटला तर मी त्याचा चहा स्वतः आणून दिला असता. जखमा कशा झाल्या ते हा माणूस दोनदा सांगतो, दोन्ही वेळा वेगळं. रंगाच्या मागे कोण आहे ते तो कळूच देत नाही. जानेवारी 2008 मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला, सिनेमा जुलैत आला, ऑस्कर घ्यायला पुढच्या वर्षी घरचे गेले. त्या हळहळीचे मार्क वेगळे काढून ठेवले तरी काम मोठंच राहतं.

फिनिक्सचा आर्थर तर आमच्याच बिरादरीतला. भाड्याने जाणारा विदूषक, रंग हे त्याचं पोट. 2019 च्या त्या सिनेमाची सुरुवातच आरशासमोर आहे. तोंडात बोटं घालून ओठांचे कोपरे वर ओढतो, मग खाली, मग परत वर, आणि डोळ्यातलं पाणी निळा रंग घेऊन गालावर उतरतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. घरात मयत झालेलं असताना तिसरी घंटा ऐकून उभा राहिलेला विनोदी नट माझ्या खुर्चीत बसलाय, आणि डोळ्याखालचा रंग मला तीनदा लावावा लागलाय. त्यामुळे त्या दृश्यापुढे सिनेमा मला जरा लांबलेलाच वाटला. त्याच्या न थांबणाऱ्या हसण्याबद्दल, उतरवलेल्या वजनाबद्दल फार लिहून झालंय, मी भर घालत नाही. 2016 मध्ये जोकर झालेल्या जॅरेड लेटोच्या कपाळावर शब्द गोंदलेला होता. कपाळावर लिहावं लागलं, यात सगळं आलं.

आणि लेखात ज्याचं नावच नाही तो कॉन्राड फाइट. 1928 चा अमेरिकन मूकपट, त्यात ह्या जर्मन नटाचं तोंड कायमचं हसतं कोरलेलं. 1940 मध्ये कॉमिकमध्ये जोकर जन्मला तो त्याच चेहऱ्यावरून. तो चेहरा केला जॅक पिअर्स यांनी, ज्यांनी पुढे फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस घडवला. म्हणजे जोकर मुळात एका मेकअपमनच्या हातचा आहे. पुरवणीत दोन ओळी त्यांना द्यायला हव्या होत्या.

थोडं घरचं सांगतो. गेल्या गणपतीत सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसला नातू म्हणाला, आजोबा, मला जोकर करा, हीथवाला. मी पेटी काढली, मन लावून तासभर रंगवलं. आरशात बघून पोरगं रडायलाच लागलं. म्हणे, तो असा नीट नसतो. मी बोटाने फराटे ओढले, तेही सारखे आले. 39 वर्षांचा हात, वाकडा जाईना. शेवटी सगळं पुसून डबी त्याच्याच हातात दिली आणि म्हटलं, कपाळाला आठ्या घाल आणि लाव तुला हवा तसा. पहिला नंबर तुळशीवृंदावन झालेल्या एका मुलीला गेला, तो भाग सोडा. रात्री खोबरेल तेल आणि कापूस घेऊन त्याचं तोंड पुसायला बसलो. कान मुडपून मागे बघितलं, तर तिथे रंगाचा ठिपकाही नव्हता.

आपला,
एक निवृत्त रंगभूषाकार, चरई, ठाणे