‘वॉरंटी जाईल’ हे लेखी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गाडीच्या दाराला पोचा पडला की मुंबईतल्या मालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी की ओळखीच्या, भरवशाच्या गॅरेजमध्ये, हा. या प्रश्नाचा निकाल कामाचे स्वरूप, खर्च आणि कारागिराचा हात पाहून लागायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा सर्व्हिस ॲडव्हायझरच्या एका वाक्याने लागतो : ‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल.’ मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे क्लेममधील नुकसान तपासणारा, म्हणून माझी नोकरीची वर्षे या दोन्ही प्रकारच्या शेडमध्ये गेली. दोन्हीकडचे उत्तम काम मी पाहिले आहे आणि दोन्हीकडची लबाडीही पाहिली आहे, म्हणून या एका वाक्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांच्या गाडीचे मागचे दार पार्किंगच्या खांबाला घासले. अधिकृत सेंटरने दार बदलण्याचे भलेमोठे एस्टिमेट दिले आणि बाहेर रंगकाम केल्यास इंजिनाचीही वॉरंटी रद्द होईल, असे सांगितले. त्यांनी माझ्या सांगण्यावरून एवढेच विचारले की, हे वाक्य जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रकावर, लिहून, शिक्का मारून द्याल का? त्यावर आधी मॅनेजरला विचारावे लागेल, मग तसा नियम लेखी देता येत नाही, आणि शेवटी ‘तुमची मर्जी’, अशी उत्तरे मिळत गेली. दाराच्या रंगाचा इंजिनाशी काय संबंध, हे त्या काउंटरवरच्या मुलालाही सांगता आले नसते. त्याच्यावर माझा राग नाही, कारण त्याला तसे बोलायला शिकवले गेलेले असते.

गाडीची वॉरंटी म्हणजे उत्पादनातील दोषांबाबत कंपनीने दिलेली हमी. खांबाला घासलेले दार किंवा मागून रिक्षा आदळून फाटलेला बंपर हा उत्पादनातील दोष नाही. तेव्हा अशा कामाला वॉरंटी मुळात लागूच होत नाही आणि गाडी अधिकृत सेंटरमध्ये नेली तरी बिल एकतर विमा कंपनी भरते किंवा मालक स्वतः भरतो. बाहेर रंगवलेल्या दाराचा रंग पुढे उडाला किंवा तिथे गंज आला, तर त्या दारापुरती जबाबदारी कंपनी नाकारू शकेल आणि ते रास्तही आहे. गिअरबॉक्स, एसी किंवा स्टिअरिंगची हमी त्यामुळे संपत नाही. अधिकृत सेंटर आपल्या डेंटिंग-पेंटिंगवर जी हमी देते ती कंपनीच्या वॉरंटीहून वेगळी असते. ती किती महिन्यांची, कोणत्या गोष्टींवर आणि कोण देणार, हे बिलावर लिहून घ्यावे लागते. ओळखीचा गॅरेजवालाही तशी हमी देऊ शकतो आणि चांगला असेल तर देतो.

हा वाद नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन त्यांना एकत्रितपणे २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्या प्रकरणाचा गाभा होता. मात्र त्याच आदेशात वॉरंटीविषयीही स्पष्ट निर्देश होता की, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. सुट्या भागांच्या किमती आणि वॉरंटीच्या तरतुदी संकेतस्थळावर जाहीर करण्यासही आयोगाने सांगितले होते. कंपन्यांनी आदेशाला वरच्या न्यायपीठांपुढे आव्हान दिले आणि वाद लांबला, त्यामुळे काउंटरवर हा आदेश फडकावला की काम झाले, असे मी म्हणणार नाही. पण सरसकट धमकी देणे गैर आहे, ही भूमिका देशाच्या एका वैधानिक आयोगाने तपासणीअंती घेतली होती, हे वाचकांना ठाऊक असावे. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल सुरू केले, त्यातही वाहन क्षेत्राचा समावेश आहे.

याचा अर्थ प्रत्येक काम बाहेर न्यावे, असा कोणी काढू नये. कुठेही ठोकर न लागता रंगाला फुगे आले, दाराच्या आतल्या कडेला गंज दिसला, सनरूफमधून पाणी झिरपू लागले, तर तो कंपनीचा दोष असू शकतो आणि अशा वेळी ओळखीच्या मिस्त्रीला साधा स्क्रूसुद्धा काढू देऊ नये. पॅनेल एकदा बाहेर उघडले गेले की दोष मुळातला होता हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. फोटो काढावेत, लेखी तक्रार नोंदवावी आणि गाडी अधिकृत सेंटरमध्येच न्यावी. एअरबॅग उघडलेली गाडी, बॅटरीच्या बाजूला मार बसलेली विजेवरची गाडी आणि पुढच्या काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमागे रडार असलेली गाडी यांनाही मी अधिकृत सेंटरचाच रस्ता दाखवीन. काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करावे लागते, आणि रडारसमोरच्या बंपरवर पुट्टीचे थर चढवले तर गाडी समोरचे अंतर चुकीचे वाचू शकते. मुंबईतल्या गॅरेजांपैकी फार थोड्यांकडे या कामाची साधने आहेत. गाडीच्या सांगाड्यात वापरलेल्या उच्च ताकदीच्या पोलादाला गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केले की त्याची ताकद घटते, ही बाबही कित्येक जुन्या, हुशार मिस्त्रींच्या गावी नसते.

उरते ते नेहमीचे काम : दार, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बॉनेट, बंपर, मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा). येथे दोन्हीकडच्या वृत्तीतला फरक स्पष्ट दिसतो. अधिकृत बॉडीशॉपचा कल पॅनेल बदलण्याकडे असतो, कारण सुट्या भागावर नफा आहे, काम लवकर उरकते आणि हाताने पत्रा सरळ करणारे कारागीर तेथे कमी होत चालले आहेत. स्वतंत्र गॅरेजवाल्याचा कल पत्रा काढण्याकडे, म्हणजे ठोकून, ओढून मूळ आकारात आणण्याकडे असतो. फेंडर आणि बॉनेट नटबोल्टवर बसवलेले असतात. ते बदलल्याने फारसे बिघडत नाही. क्वार्टर पॅनेलची गोष्ट निराळी आहे. तो गाडीच्या सांगाड्याला कारखान्यातच वेल्डिंगने जोडलेला असतो आणि आतबाहेर गंजरोधक थरात बुडवून भट्टीत भाजलेला असतो. तो कापून नवा जोडायचा म्हणजे मूळ वेल्डिंग तोडायचे आणि तो थर कायमचा घालवायचा. जोडाच्या जागी सीलंट आणि आतून मेण नीट मारले नाही, तर मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तेथून गंज फुटतो. मध्यम पोचा असलेला क्वार्टर पॅनेल कापण्यापेक्षा कसबी मिस्त्रीने पोचा काढून देणे गाडीच्या हिताचे असते. एस्टिमेटमध्ये तो बदलण्याचे लिहिले असेल, तर कारण विचारण्याचा अधिकार मालकाला आहे.

रंगकामाची बाजू मात्र सरसकट स्वतंत्र गॅरेजच्या बाजूने झुकत नाही. रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीखाली, जुलै महिन्यात मारलेला रंग किती टिकणार? दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते, पृष्ठभागात अडकलेला ओलावा काही महिन्यांनी फुगे काढतो, आणि धूळ बसते ती निराळीच. शिवाय गल्लीत स्प्रे मारल्याने शेजाऱ्यांच्या श्वासात काय जाते, याचाही विचार व्हायला हवा. म्हणून बंद बूथ, म्हणजे रंग मारण्याची बंदिस्त खोली, नसलेल्या गॅरेजला पावसाळ्यात रंगाचे काम देऊ नये, मग मालक कितीही जिव्हाळ्याचा असो. बूथ असेल तर पुढचे पाहावे. गॅरेजवाला दाराच्या खांबावरील पट्टीवरून रंगाचा कोड घेतो का, की नजरेने ‘सिल्व्हर’ म्हणून मोकळा होतो? कोड जुळूनही उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा रंग उतरलेला असतो, तेव्हा मेटॅलिक आणि पर्ल रंगांत शेजारच्या पॅनेलवर थोडी फवारणी उतरवून फरक मिटवावा लागतो. तो हे करतो का? बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यावर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो. तो वापरतो का? खिडकीचे रबर काढून रंग मारतो की नुसता कागद चिकटवतो? गाडी परत घेताना ती ट्यूबलाइटखाली पाहू नये. दिवसाच्या उजेडात बाहेर काढून, वाकून, तिरक्या नजरेने पाहावी.

अधिकृत सेंटरमध्ये बूथ असतो, हे खरे. पण मुंबईत शोरूम एका ठिकाणी आणि बॉडीशॉप दुसऱ्याच टोकाला, अनेकदा ठाणे किंवा नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतीत असते. तुमची गाडी कोण चालवत नेणार, प्रत्यक्ष काम कोण करणार, हे तुम्हाला दिसत नाही. माटुंग्याच्या किंवा गोरेगावच्या गॅरेजमध्ये उभे राहून, पुट्टी लावण्याआधीचा पत्रा डोळ्यांनी पाहता येतो. ही सोय मी फार मोलाची मानतो.

आता पैशांकडे वळतो, कारण विम्याचा हिशोब न करताच लोक क्लेम करतात. नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याने घटलेली किंमत, कापला जातो, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम सामानाची धरून तिच्या निम्मी वजा होते. त्याखेरीज १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा जोडणी, घेतली असेल तर घसारा वाचतो, पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, वाचत नाही. हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर पोहोचतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ५० टक्क्यांवर असलेल्या मालकाची, पुन्हा तेथे पोहोचेपर्यंत, सवलत पहिल्या वर्षी ५०, मग ३०, २५, १५ आणि ५ टक्के अशी बुडते. म्हणजे एकूण सव्वापट प्रीमियम. सवलतीपूर्वीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम १२,००० रुपये धरला आणि तो पुढेही तेवढाच राहिला असे मानले, तर हा तोटा १५,००० रुपयांचा झाला. बोनस राखण्याची जादा जोडणी घेतलेली नसेल, तर दहा हजारांच्या पोच्यासाठी क्लेम करणे म्हणजे स्वतःच्याच खिशातून पैसे काढून विमा कंपनीला देणे. अशी कामे भरवशाच्या गॅरेजमध्ये रोखीने करून, पण पक्के बिल घेऊन, मिटवावीत. मोठ्या कामात कॅशलेसची सोय विमा कंपनीच्या यादीतील गॅरेजमध्येच मिळते. बाहेर प्रतिपूर्तीवर, म्हणजे आधी स्वतः पैसे भरून मग कंपनीकडून परत घेऊन, काम करता येते, मात्र आधी कंपनीला कळवून, सर्व्हे होईपर्यंत गाडी न उघडता, आणि झिरो डेपची अट फक्त अधिकृत सेंटरपुरती आहे का हे पॉलिसीत वाचून.

पक्के बिल हीच स्वतंत्र गॅरेजांची सर्वांत दुबळी बाजू आहे. ‘जीएसटी कशाला, साहेब’ म्हणत वहीच्या पानावर आकडा लिहून देणारा कारागीर कितीही हातखंडा असला, तरी उद्या रंग सोलला तर ग्राहकाच्या हाती पुरावा काय? बसवलेला भाग कंपनीचा की बाजारातला, त्याचे खोके आणि छापील किंमत, जुना काढलेला भाग, रंगाचा कोड आणि हमीचा काळ एवढे मिळालेच पाहिजे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग स्वस्तात मिळतात. आरसा किंवा दाराची मूठ तेथून घेतली तर मी हरकत घेणार नाही, पण सीटबेल्ट आणि एअरबॅग जुन्या कधीही बसवू नयेत. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी या बाबतीत शिस्त लावली, तर अधिकृत सेंटरच्या धमकीतला निम्मा दम आपोआप निघून जाईल.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, बाहेर काम केल्यास वॉरंटीतील नेमका कोणता भाग आणि कोणत्या अटीवर बाधित होतो, याचा फलक मराठीत लावणे राज्य शासनाने सक्तीचे करावे. मुंबई ग्राहक पंचायतीने प्रमुख कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकांतील ही कलमे एकत्र करून प्रसिद्ध केली, तर सामान्य मालकाला इंग्रजीतील बारीक अक्षरांशी झगडावे लागणार नाही. दरम्यान कोणाला तोंडी धमकी मिळाली, तर त्याने त्याच दिवशी सेंटरला ईमेल करून कलमाचा क्रमांक विचारावा आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तो ईमेल तेथे पुरावा म्हणून जोडता येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त मोटार विमा सर्व्हेअर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई