आम्हाला डॉलर नकोत, गुरुवारी दोन तास जागा हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांनी लिहिलं होतं की सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये आणि महापालिकेच्या हॉलमध्ये हे "प्रार्थनावाले" यायला लागलेत, यांना बाहेरून पैसा येतो, मग यांनी स्वतःची बिल्डिंग बांधावी ना. वाचून आधी हसू आलं, मग जरा लागलं, आणि मग बायको म्हणाली की नुसती घरात बडबड करू नकोस, लिही त्यांना. म्हणून लिहितोय. मी त्यातलाच एक प्रार्थनावाला.

वय 29. गाव नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय). डिप्लोमा मेकॅनिकल केला, चाकणला दोन वर्षं कंपनीत काढली, मग नोकरी सोडून सेमिनरीत (पास्टर व्हायचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात) गेलो आणि पास्टर झालो. वडील गावच्या चर्चमध्ये पंच, त्यांना वाटलं होतं पोरगं एखाद्या जुन्या दगडी चर्चमध्ये लागेल, क्वार्टर मिळेल, रविवारी घंटा वाजेल. मी पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीला येऊन शून्यातून मंडळी (म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचा गट) सुरू केली, तेव्हापासून ते फोनवर पहिलं वाक्य "जेवलास का" आणि दुसरं "अजून वेळ गेली नाही" असं बोलतात.

माझा दिवस सांगतो म्हणजे काकांना कल्पना येईल. सकाळी सहा वीसला स्कूल व्हॅन काढतो. नऊ पोरं आहेत, त्यातलं एक रोज झोपेतच गाडीत ठेवावं लागतं आणि एकाचा डबा रोज घरी राहतो. पोरं मला व्हॅनवाले काका म्हणतात, एरियातही निम्म्या लोकांना मी तेवढाच माहितीये. बायको एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स, घर खरं तर तिच्या पगारावर चालतं, हे लिहायला मला लाज नाही. सकाळची फेरी झाली की घरोघरी भेटी, दुपारी पोरांना आणायचं, संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीवर प्रार्थना, आणि खरा फोन वाजतो तो रात्री साडेअकरानंतर, सेकंड शिफ्ट सुटली की. "पास्टर, जागे आहात का?" जागाच असतो. झोपलेलो असलो तरी जागाच आहे म्हणतो.

आमच्या मंडळीत बहुतेक सगळे जालना, बीड, संभाजीनगर, नगर इकडून कामाला आलेले, बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवीन कार्ड नवीन गेटपास. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका पोराचं बोट प्रेसमध्ये गेलं, बावीस वर्षांचं पोरगं, रूमवर तिघं राहायचे आणि तिघंही वेगवेगळ्या शिफ्टला, त्यामुळे फोन मला. दवाखान्यात पोचलो तर हात फडक्यात गुंडाळलेला आणि तो मला विचारतोय "पास्टर, आईला कळवलं तर नाही ना?" प्रार्थना केली दोन मिनिटं. ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) कागद, सुपरवायझरची सही, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला शोधणं, यात तीन दिवस गेले. सेमिनरीत आम्हाला ग्रीक शिकवलं, हिब्रू शिकवलं, अपघाताचा रिपोर्ट कसा भरायचा ते कुणी नाही शिकवलं. ते मी त्या तीन दिवसांत शिकलो, आता एरियातली बाकीची पोरंही विचारायला येतात, त्यातली निम्मी आमच्या मंडळीतली नाहीत, आणि मी कुणाला आधी चर्चला या असं म्हणत नाही, कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

आता गुरुवारचं. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवार म्हणजे रविवार, बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. रविवारी उपासना ठेवली तर समोर बसायला मी, बायको आणि पेटी. म्हणून आमची मुख्य उपासना गुरुवारी संध्याकाळी. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "गुरुवार? तू पास्टर झालास का स्वामींचा सेवेकरी?" गंमत म्हणजे जवळच स्वामींचं केंद्र आहे आणि तिथं साडेसहाची आरती असते, सुरुवातीला दोन्हीकडची गर्दी एकाच वेळी यायची आणि बाइक लावण्यावरून बोलाचाली व्हायची. मी जाऊन तिथल्या एका काकांना भेटलो, त्यांनी चहा पाजला, आम्ही आमची वेळ साडेसात केली. दहा मिनिटांत विषय मिटला.

जागेचं मात्र मिटत नाही. पहिले पाच महिने एक गाळा होता, खाली पिठाची गिरणी, त्यामुळे बायबलवर सुद्धा पिठाचा थर. तिथं चूक आमचीही झाली हे कबूल करतो, नवीन उत्साह होता, दोन स्पीकर लावून दहापर्यंत गाणी चालायची आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंची मुलगी दहावीला. त्या येऊन बोलल्या ते बरोबरच बोलल्या. स्पीकर तेव्हापासून बंद, ढोलकीवरही हात हलका. पण नंतर एक दिवस गाळामालक म्हणाले, वरून फोन आलाय, महिन्याच्या आत खाली करा. वरून म्हणजे कुठून ते नाही सांगितलं. डिपॉझिट मात्र पै न् पै परत दिलं, खोटं कशाला बोलू. मग एका भावाच्या घराची गच्ची, ती जूनमध्ये पावसानं बंद केली. मग फ्लॅट भाड्यानं बघायला लागलो तर एजंट म्हणाला, साहेब, पास्टर सांगू नका, शिक्षक सांगा. मी म्हटलं व्हॅन चालवतो तेही सांगतो, पास्टर आहे तेही सांगतो. दोन फ्लॅट हातचे गेले.

महापालिकेच्या एका हॉलसाठी चार खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्यांदा साहेब साइटवर, तिसऱ्यांदा अर्ज द्या, चौथ्यांदा तोंडी उत्तर की धार्मिक कार्यक्रमाला देत नाही. मी म्हटलं ठीक, तसं लिहून द्या. लिहून देत नाहीत. आणि बाहेर येतो तर त्याच हॉलच्या दारावर पुढच्या आठवड्यातल्या पारायणाचा फ्लेक्स. माझी त्या पारायणाबद्दल काडीचीही तक्रार नाही, उलट व्हावंच, लोक कुठं बसणार. माझं म्हणणं एवढंच की हॉलचा दर बाहेर बोर्डावर लावा, आवाजाचा नियम लावा, दहाला बंद म्हणजे दहाला बंद, पैसे घ्या आणि पावती द्या, जो पहिला येईल त्याला तारीख द्या, आणि नाही म्हणायचं असेल तर कागदावर नाही म्हणा. सोसायटीचं क्लबहाऊस खासगी आहे, तिथं रहिवाशांनी ठरवावं, मला मान्य. पण महापालिकेचा हॉल त्या काकांच्या टॅक्समधून झालाय तसा माझ्याही टॅक्समधून झालाय, व्हॅनच्या परमिटचे पैसे मीही भरतो.

आता पैशाचं, कारण काकांचा मेन मुद्दा तोच होता. परदेशातून पैसा घ्यायचा तर 2010 चा एफसीआरए कायदा आहे, त्याखाली रजिस्ट्रेशन किंवा सरकारची आधी परवानगी लागते, आणि रजिस्ट्रेशनसाठी संस्था आधी तीन वर्षं चाललेली आणि त्या तीन वर्षांत आपल्या कामावर किमान 15 लाख खर्च केलेली असावी लागते. शिवाय तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला लागतो. आमची मंडळी दीड वर्षाची. आमचा ट्रस्ट अजून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचाय, त्याची फाइल माझ्या व्हॅनच्या डॅशबोर्डमध्ये आहे. गेल्या महिन्यात अर्पण आणि दशमांश मिळून जमले 7,140 रुपये. जागेचे 2,800, चहा-बिस्किटं 960, ढोलकीची पुडी फाटली होती तिचे 900, ब्रेक मिळालेल्या एका भावाच्या घरी किराणा 1,500. राहिले 980, ते सीएनजीत गेले. वही कुणालाही बघायला मिळेल, काकांनी यावं, चहा त्याच 960 मधून पाजतो. हां, आमच्यातलेही काही जण आहेत जे पोस्टरवर देवापेक्षा स्वतःचा फोटो मोठा छापतात आणि आजार गॅरंटीने बरे करतात, त्यांच्यामुळे आम्हाला तोंड लपवायची वेळ येते हे पण खरं.

आणि कुणाला वाटतं पास्टर झालं की सगळे अधिकार हातात. लग्न लावायचा सुद्धा अधिकार मला अजून नाही. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 चा, त्याखाली आमच्यासारख्या नव्या मंडळीच्या पास्टरला सरकारी लायसन काढावं लागतं, तोपर्यंत लायसनवाले सीनियर पास्टर बोलवायचे. त्याच कायद्यात असंही आहे की लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत लागलं पाहिजे. मार्चमध्ये आमच्या मंडळीतलं पहिलं लग्न होतं, मुहूर्त नाही तर नवरदेवाकडच्यांना वाटलं घाई कशाला, वरात बँडबरोबर सावकाश नाचत येतेय, आत आमचे पाहुणे पास्टर रजिस्टर उघडून बसलेत, पेनचं टोपण काढतात लावतात, घड्याळात सहा पस्तीस. शेवटी मी कोट घालून वरातीत घुसलो आणि बँडवाल्याला हात जोडून म्हणालो, दादा, एक गाणं कमी वाजवा, नाहीतर लग्न उद्यावर जाईल. नवरदेवाच्या मामाला वाटलं मी पण नाचायला आलोय, त्यांनी माझ्या डोक्यावरून नोट ओवाळली. सह्या झाल्या तेव्हा सातला सहा मिनिटं कमी होती.

सध्या आम्ही बसतो ती एक खाणावळ आहे, देहू-आळंदी रस्त्यापासून आत. कंपनीतल्या पोरांची मेस, सुट्टीच्या दिवशी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, म्हणजे आमचा गुरुवार मोकळा. चालवणाऱ्या मावशी माळकरी, दर वर्षी वारीला जाणाऱ्या. पहिल्या गुरुवारी व्हॅनच्या सीटा दुमडून तीस लाल खुर्च्या, सतरंजी आणि पेटी घेऊन पोचलो तर मावशी भिंतीवरच्या विठोबाच्या फोटोसमोर टॉवेल घेऊन उभ्या, म्हणाल्या, "झाकू का हो? तुम्हाला चालत नसेल तर." मी म्हटलं मावशी, घर तुमचं, भिंत तुमची, फोटो काय झाकता. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "बरं झालं, मलाही ते बरं वाटत नव्हतं." आठवड्याचे 700 रुपये घेतात आणि मेसच्या कार्डावर टिक करतात, तीच आमची पावती. टेबलं ओशट असतात, रश्श्याचा वास भिंतीत मुरलाय, संदेश लांबला की मावशी आतून कुकरचं झाकण जोरात ठेवतात.

एकदा आम्ही कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हणत होतो तर मावशी दारात येऊन टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या, नंतर म्हणाल्या, "हा तुकोबांचा कोणता अभंग? मला नाही आठवत." मी सांगितलं की टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले पण भजनं लिहिली ती अभंग-ओवीच्याच अंगानं, आणि तुकोबांचं ऋण त्यांनी स्वतः मान्य केलंय. मावशी म्हणाल्या, "मग बरोबर, चाल ओळखीची वाटली. पण तुमचं कीर्तन लांबतं." हे वाक्य मी बायकोकडूनही ऐकलंय. ज्यांना वाटतं आम्ही काल विमानातून उतरलो त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 ला सुरू झालं, माझ्या पणजोबांच्या कबरीवर मराठीतच लिहिलंय.

जुन्या चर्चवाल्यांचंही एक बोलणं खावं लागतं, की मी मेंढरं चोरतो. अहो, ती मेंढरं तुमच्या रजिस्टरमध्ये गावाला आहेत आणि खोली घेऊन राहतात चाकणला, नाताळला तुमच्याकडेच येतात, वर्गणी पण तिकडेच भरतात. मधल्या काळात कुणी त्यांच्याशी दोन शब्द बोललं तर बिघडलं कुठं. जाऊ द्या, तो घरातला विषय आहे.

पत्र लिहायचं खरं निमित्त हे की दिवाळीनंतर मावशींचा मुलगा खाणावळीच्या जागेत मोबाईल शॉपी काढतोय. मावशींनाच जास्त वाईट वाटलं, पण पोराचं भलं त्यांनी बघायलाच हवं. म्हणजे नोव्हेंबरपासून आम्ही पुन्हा गच्चीवर, थंडीत. पत्र लिहिणाऱ्या काकांची सोसायटी मोशीतच असेल तर त्यांनी एक गुरुवार येऊन बसावं, मागे बसलात तरी चालेल. आणि महापालिकेतल्या कुणाच्या वाचनात आलं तर त्या हॉलच्या अर्जाचं लेखी उत्तर द्यावं, हो किंवा नाही. तोपर्यंत मोशी, भोसरी, चिखलीत कुणाकडे तीस खुर्च्या मावतील अशी जागा असेल तर तुमच्या कार्यालयामार्फत कळवावं. गुरुवारी साडेसात ते साडेनऊ. पेटी आहे, ढोलकी आहे, स्पीकर नाही. जाताना फरशी आम्ही पुसून देतो.

आपला,
एक पास्टर (आणि व्हॅनवाले काका), मोशी
(कृपया नाव छापू नये, व्हॅनमधल्या पोरांच्या आयांना उगाच काळजी वाटायची)