बैल आमचा नाही, कांदाही नाही

निवडणूक आली की दोन्हीकडचे कार्यकर्ते ओट्यावर येऊन बसतात. एकाला संस्कृती वाचवायची असते, दुसऱ्याला गरीब. माझा दोघांनाही प्रश्न एकच: माझ्या मालाचा मालक कोण?

मार्च 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोणी विचारत नाही. वैरण मात्र रोज लागते. घालतोही, मुके जनावर आहे. पण कायद्यासाठी पेढे वाटणाऱ्यांनी कधी कडब्याची एक पेंढी आणून टाकली नाही.

यांच्यावर रागावून पलीकडे जावे, तर तिथे व्यापारी म्हणजे चोर आणि कांदा महागला की निर्यात बंद! डिसेंबर 2010 मध्ये काँग्रेस आघाडीने ती थांबवली, डिसेंबर 2023 मध्ये भाजपने. मालाच्या साठ्यावर बंधने घालणाऱ्या 1955च्या आवश्यक वस्तू कायद्याला 2020 मध्ये जरा कात्री लागली, तीही 2021 मध्ये मागे घेतली. ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा असताना भाव कोसळतो, तेव्हा कोणाचा झेंडा बघायचा?

शेतमालाला खुला बाजार मागणारे शेतकरी नेते शरद जोशी यांच्या स्वतंत्र भारत पक्षाला मत दिले, तेव्हा घरचेसुद्धा हसले होते.

– एक कांदा उत्पादक, निफाड