“काही नाही मॅडम” म्हणणारी मुलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूरग्रस्त भागातल्या शाळांमध्ये मुलांचं समुपदेशन सुरू झाल्याचं वाचलं. बरं वाटलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत ब्लँकेटं आली, भांडी आली, जुने कपडे तर ढिगानं आले. झोप लागते का, हे विचारायला कुणी आलं नाही. पण या विषयावर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, की मुलींवर परिणाम जास्त, मुलगे लवकर सावरतात. त्याबद्दल लिहायचं आहे.

आपत्तीनंतर किशोरवयीन मुलींमध्ये भीती आणि उदासी जास्त आढळते, असं बहुतेक पाहण्या सांगतात. खोटं नसेल ते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या आसपासची गावं कोसळली तेव्हा मी नववीत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतरचं वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. आईचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे टँकरचं पाणी, चूल आणि धाकटी दोघं माझ्याकडे. आडोसा नसल्यानं आंघोळ पहाटे अंधारातच उरकायची. पाळी आली की शाळेला दांडी. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावलं, भूकंपात बायको गेलेल्या बिजवराशी. तेव्हा कुणी तिची उभारी मोजली असती तर कमीच भरली असती. त्यात भूकंपाचा वाटा किती आणि त्या लग्नाचा किती, हे सांगणारा रकाना कुठल्या फॉर्मात असतो?

आता मुलग्यांचं. माझा भाऊ तेव्हा १२ वर्षांचा. आजी ढिगाऱ्यातून निघाली तेव्हाही तो रडला नाही. सगळे म्हणाले, धीराचा गडी आहे. हा धीराचा गडी दहावीच्या आधीच शाळा सोडून बसला. आज ४४ वर्षांचा आहे, सिमेंटचं घर आहे, पण पाऊस नसेल तर अंगणातच बाज टाकतो. कारण कुणी विचारत नाही. मीही नाही विचारलं.

गेल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर, वह्या-दप्तरं घेऊन परंड्याकडच्या एका शाळेत गेले होते. समुपदेशनाचे फॉर्म भरणं चाललं होतं. मुली एकमेकींचा हात धरून बोलत होत्या, रडतही होत्या. मुलगे दोन मिनिटांत मोकळे. “काही नाही मॅडम, ओके आहे सगळं.” त्यातलाच एक, आभाळ भरून आलं तसा वर्गातून न विचारता उठून गेला. शिक्षक म्हणाले, पुराच्या रात्री दावणीची जनावरं सोडायला त्याला पाठवलं होतं. दोन सुटली, बाकीची बांधलेलीच बुडाली. तेव्हापासून ढग दिसले की हा घराकडे पळतो. त्याच्या फॉर्मवर सगळीकडे “नाही” होतं. रडू येतं का? नाही. भीती वाटते का? नाही. चिडचिड होते का, कुणाला मारलंस का, गुटखा खातोस का, हे त्या कागदावर नव्हतंच.

त्या हात धरून बसलेल्या मुलींना मी तरी कच्च्या म्हणणार नाही. शेडमध्ये आम्हीही रात्री पाण्याच्या रांगेत तेच तेच पुन्हा सांगायचो. त्यानंच निभावलं. मुलग्यांना अशी रांग नव्हती.

तेव्हा समुपदेशकांनी मुलींना घरी स्वयंपाक कोण करतं, स्थळं येताहेत का, हेही विचारावं. मुलग्यांना फॉर्म देऊन बसवण्याऐवजी चार दिवस त्यांच्याबरोबर मैदानावर जावं, मग बोलावं. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला पाहिला, चांगली सोय आहे, फक्त घरातला एकुलता फोन भावाच्या नाहीतर बापाच्या खिशात असतो.

आणि एकदाच येऊन जाऊ नये. वर्षानं परत येऊन नववी-दहावीचा हजेरीपट उघडावा. कुणाचं लग्न झालं, कोण ऊसतोडीला गेलं आणि कोण नुसतंच येईनासं झालं, ते नावानिशी लिहून घ्यावं. शाळेत सापडणार नाहीत त्यांच्या घरी जावं.

आपली,
एक शिक्षिका, ता. औसा, जि. लातूर