दोघं जात जा

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दामच करत नाहीये. केला की माझा आवाज चढतो. डब्याच्या पिशवीत चिठ्ठी ठेवते आहे.

परवा दारातच तुला म्हणाले, "आधी स्वतःचं बघ, मग जगाचं." तू चपला घालता घालता म्हणालास, "आई, १४ वर्षं स्वतःचंच तर बघत होतो." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

पण रात्री साडेअकराला दत्तवाडीत एका प्यायलेल्या माणसाकडे, तेही एकटं? तुझी दारू सुटून जेमतेम ८ महिने झालेत. अशा वेळी दोघांनी जायचं असतं, हे तूच सांगितलं होतंस ना? जाऊ दे, हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

कपाटावरची तुझी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे तुमच्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, पुस्तिका वाचली. १९३५ सालचा तो बिल, ज्याने पुढे हे सगळं सुरू केलं, दारू सोडलेला, परगावी, काम फसलेलं, हॉटेलात समोरच बार. आपण आता पिणार, हे कळलं म्हणून दुसरा एखादा दारुडा बोलायला मिळेल का, ते फोन लावून शोधत बसला. त्यातून सापडलेल्या डॉ. बॉबने १५ मिनिटं कबूल केली होती, आणि रात्र झाली तरी दोघं बोलतच होते. मला मात्र बिलची बायको आवडली. त्याच्याही आधी तो कुरकुरत होता, इतक्या जणांशी बोललो, एकाचीही सुटली नाही. ती म्हणाली, तुझी तर सुटली आहे ना! मला हे का दिसलं नाही? मी आपली लॅचच्या आवाजाकडे कान लावून बसते. सवय आहे.

गुरुवारी मीटिंगच्या हॉलबाहेर आले होते, तुला सांगितलं नाही. तू कप विसळत होतास. घरी स्वतःचं ताट कधी उचललं नाहीस! मग एका म्हाताऱ्यांना विचारलंस, "काका, घरी कसे जाणार?" बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी स्वारगेटला बस बदलून कशी यायचे, हे तू एकदाही विचारलं नव्हतंस. टोचून बोलले. माफ कर. खरं तर तिथेच रडू आलं आणि पत्ता विचारायला आलेली बाई असल्यासारखी परत फिरले. आक्कांनासुद्धा बोलले नाही.

भाजीत मीठ कमी आहे. जेवून जात जा, पोट रिकामं असलं की तुला लगेच राग येतो आणि राग आला की... पुन्हा तेच सुरू झालं माझं.

त्या दत्तवाडीच्या माणसाच्या घरी आई आहे का? असली तर तिला माझा नंबर दे. तिच्याशी काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी रात्री-बेरात्री कुणी मिळालं नाही तर मला हाक मार, मी खाली रिक्षात बसून राहीन.

तुझी,
आई