कसबा पेठेतल्या वाड्यावरच्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

तुमची नात हे तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. पत्र तुमच्या नावाचं असलं तरी सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. वास्तुकलेच्या पदवीची पाच वर्षं संपली आणि वारसा संवर्धनाच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेशही मिळाला. निरोपाच्या कार्यक्रमात आमच्या सरांचे, मॅडमचे आभार मानून झाले. तुमचे राहिले होते.

आम्ही वाड्यात आलो ते टेप, लेझर मीटर आणि कागदांच्या गुंडाळ्या घेऊन. मेजर्ड ड्रॉइंगचा विषय होता. वाडा मोजायचा आणि १:५० प्रमाणात प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आतलं जसं दिसेल ते चित्र, काढायचे. दुसऱ्या चौकात तुमचं दुरुस्तीचं काम चालू होतं. आमचे मिलिमीटरमधले आकडे थोडा वेळ ऐकून तुम्ही म्हणालात, "ताई, आधी खण मोजा." दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि तो मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरलेला. सोपा पाच खणी, माजघर तीन खणी, जिना एका खणात. तुम्ही दाखवत गेलात आणि वहीतला आकड्यांचा पसारा एका मापाला येऊन मिळाला. एका ठिकाणी खण जुळेना, तेव्हा तुम्ही लगेच सांगितलंत की ही भिंत नंतरची. सोपा अडवून भाडेकरूंसाठी काढलेली खोली होती ती. मालकांच्या जुन्या कागदांतही पुढे तसंच निघालं.

पुण्यातल्या कितीतरी वाड्यांचं हेच झालं. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात बिऱ्हाडं आली, १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, आणि त्या भाड्यात कौलं चाळण्याचाही खर्च निघेना. वाडा पडला की मालकाला दोष देणं मला म्हणूनच पटत नाही.

सगळ्यात मोठं ऋण चुन्याचं आहे. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाणी पडलं की तो उकळून विरतो, आणि भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, एवढं वर्गात शिकले होते. त्याला लागणारा वेळ तुमच्याजवळ बसून कळला. विरवलेला चुना आठवडेच्या आठवडे पाण्याखाली का ठेवायचा, न विरलेला एखादा खडा गिलाव्यात राहिला तर तो नंतर फुगून पोपडा कसा काढतो, ओलीच्या जागी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, का घालायची, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी कधी घालायचं. गिलावा झाल्यावर त्यावर ओलं गोणपाट तुम्ही स्वतः लावत होतात. उन्हानं भरभर वाळला तर तडकेल, म्हणून ते काम तुम्ही दुसऱ्या कुणावर सोडलं नाहीत.

आणि ती पूर्वेची भिंत! कधीतरी कुणीतरी तिला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. तुम्ही थापीच्या मुठीनं ठोकत गेलात आणि आम्हाला कान लावायला सांगितलंत. एका रेषेखाली सगळा आवाज पोकळ. सिमेंट काढलं तर आतल्या विटा हातात भुगा होऊन आल्या. जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळून जाते. सिमेंटनं तिची वाट अडवली, मग ती वर चढली, तिच्याबरोबरचे क्षार विटांत साठले आणि भिंतीत घेतलेल्या सागवानी खांबाचा बुंधा कुजला. खांब बदलू या, असं सुतार म्हणत होते. तुम्ही मात्र कुजलं तेवढंच कापून नव्या सागवानाचा सांधा द्यायला लावलात. जुनं लाकूड चांगलं असताना ते फेकायचं नाही, हे संवर्धनाच्या कुठल्याही पाठात पहिल्या पानावर असतं. ते मी आधी तुमच्या हट्टात पाहिलं.

माझ्या सेक्शनमध्ये मग दगडी जोतं, विटा, चुना, सिमेंटचा पट्टा आणि क्षारांची रेषा, सगळं वेगवेगळं आलं. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, सगळ्यात जास्त बोलणं त्या एका कागदावर झालं. शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर आतल्या इमारतींची जोतीच उरली, वरचं लाकूडकाम समजून घ्यायचं तर विश्रामबागवाड्यासमोर जाऊन उभे राहा, हेही तुम्हीच सांगितलंत. माझ्या प्रबंधाचा विषय तिथेच ठरला.

आता एक विनंती. आमच्या विभागाला पुढच्या मुलांसाठी चुन्याच्या कामाची कार्यशाळा घ्यायची आहे. ती तुम्ही घ्यावी, असं मी विभागप्रमुखांना सुचवलं आणि त्यांनी होकार दिला. मानधन पाहुण्या व्याख्यात्याला देतात तेवढंच मिळेल, त्याहून कमी नाही, हे मी आधीच बोलून घेतलं आहे. काम दिवाळीनंतर काढायचं तर चुना आतापासून विरवायला हवा. हौद कुठे करायचा, ते एकदा येऊन सांगा. आणि येताना नातीलाही आणा, तिला आमचा स्टुडिओ पाहायचा आहे असं ती म्हणाली होती.

तुमची,
वाडा मोजायला आलेली ताई